‘सुट्टी’च्या एक्केचाळीस चिठ्ठ्या

बुधवारी सकाळी कोशबाईंच्या टेबलावर ‘सुट्टी’ येऊन पडली.

म्हणजे शब्द हो. खरी सुट्टी त्या टेबलाकडे एकोणतीस वर्षांत फिरकली नव्हती. शब्दकोशाचं कार्यालय म्हणजे सायकलच्या टायरांच्या दुकानावरच्या तीन खोल्या. कागदांना सुद्धा रबराचा वास. भिंतीभर पुठ्ठ्याची खोकी, एका शब्दाला एक खोकं, आणि खोक्यात चिठ्ठ्या. गावोगावची हौशी माणसं कान टवकारून हिंडतात, कुणाच्या तोंडून शब्द ऐकला की वाक्य जसंच्या तसं चिठ्ठीवर उतरवतात आणि पाठवतात. त्यातली निवडक वाक्यं कोशात अर्थाखाली उदाहरण म्हणून छापली जातात.

या चिठ्ठीचा नमुना कोशबाईंनीच ठरवलेला. पुढच्या बाजूला वाक्य. मागच्या बाजूला बोलणाऱ्याचा धंदा, वय, घरी कोण असतं, कुठे ऐकलं, कधी ऐकलं. नाव मात्र चुकूनही लिहायचं नाही, माणसाची अब्रू आहे शेवटी. आणि तळाला कार्यालयासाठी दोन ओळी : ‘माहिती : बरोबर / चूक’ आणि ‘खात्री कोणाकडून केली’. माहिती चूक निघाली तर चिठ्ठी तिथल्या तिथे फाडायची, मग वाक्य कितीही सोन्यासारखं असो. एकोणतीस वर्षांत बाईंनी एकही खोटी चिठ्ठी पुढे जाऊ दिली नव्हती. मोठे संपादकसुद्धा चिठ्ठ्यांची मागची बाजू बघत नसत. बाईंची सही आहे ना, झालं तर मग.

आता माणूस इतकं नीट असलं की त्याचा थोडा जाच होतोच, खोटं कशाला बोला. डॉक्टरकडे ताप दाखवायला गेल्या आणि औषधाआधी त्यांच्या पाटीवरची वेलांटी दुरुस्त करून आल्या. घरात नवरा म्हणाला, “जरा माझी मदत कर,” की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, “मला मदत कर.” बिचारा कपाट उचलून धरून उभा असायचा आणि आधी वाक्य सुधारायचा, मग कपाट ठेवायचा. मुलगी लहानपणी रडत आली, “आई, तो मला असं बोलला!” तर बाई म्हणाल्या, “म्हणाला. बोलला नाही. म्हणाला.” मुलीनं डोळे पुसले आणि म्हणाला असं म्हणाली. आपण लेकराला घडवतोय असं बाईंना मनापासून वाटायचं. प्रेमच होतं ते. फक्त त्याला लाल पेन्सिल होती.

पण यंदा बाईंनी मनावर घेतलं होतं. ‘स’चा खंड संपत आला होता आणि त्यांनी चक्क पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला होता. मोठ्या संपादकांनी त्यावर सही करून शेजारी उद्गारचिन्ह काढलं, आणि बाईंनी ते खोडलं नाही. समुद्राकाठच्या एका घराचा फोटो त्यांनी स्वयंपाकघराच्या कपाटावर चिकटवला होता. स्वतःला पांढरे कॅनव्हासचे बूट आणले होते. सत्तावन्नाव्या वर्षी वाळूत चालायला! घरी कुणी नसताना त्या ते घालून बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत चालून बघत. नवरा, मुलगी आणि आपण, तिघं मिळून एकदा तरी कुठेतरी जायचं, एवढंच त्यांना हवं होतं. तिघं मिळून ते कधी गेलेच नव्हते.

अडलं होतं ते नवऱ्यापाशी. नवरा वजनमाप निरीक्षक. दुकानादुकानातले काटे तपासायचे, खोटं वजन जप्त करायचं. सगळे त्यांना काटेसाहेब म्हणत. त्याच सकाळी चहा पिताना बाईंनी पुन्हा विचारलं होतं, “अहो, काय झालं रजेचं?”

काटेसाहेबांनी कप खाली ठेवला. “तोलून सांगतो,” ते म्हणाले. प्रत्येक वाक्याआधी हे ‘तोलून सांगतो’ म्हणायची त्यांना सवयच होती. “तोलून सांगतो, यंदा अवघड आहे. रजा शिल्लकच नाही गं.”

“कधी घेतलीत, की शिल्लक नाही? वर्षाचे ते चार दिवस दौऱ्यावर जाता, तेवढंच घराबाहेर.”

“तो दौरा असतो. दौऱ्याला रजा म्हणतात का?”

“नाही म्हणत,” बाई म्हणाल्या. शब्दाच्या बाबतीत नवऱ्याचं बरोबर होतं.

मुलगीही गेल्या रविवारी फोनवर म्हणाली होती, “आई, कामाचा नुसता ढीग आहे, जमायचं नाही.” ती दुसऱ्या गावी कवळ्या बनवायच्या कारखान्यात होती. लोकांचे दात वर्षभर पडतात, हे बाईंना पटलं होतं.

तर असा तो बुधवार. बाईंनी खोकं पुढे ओढलं. वर त्यांच्याच अक्षरात टिपण तयार होतं. ‘सुटणे’पासून ‘सुटी’, ‘सुटी’वर जोर पडून ‘सुट्टी’. बांधलेलं जनावर सुटतं, गाठ सुटते, शाळा सुटते, त्यातलीच ही. ‘रजा’ निराळी. ती बाहेरून आलेली, तिच्या मुळाशी दुसऱ्याची मर्जी. म्हणून रजा मागावी लागते आणि सुट्टी मिळते. अर्थ : नेहमीच्या बंधनातून काही काळ मोकळीक. छान जमलं होतं. आता फक्त उदाहरणं निवडायची राहिली होती.

चिठ्ठ्या होत्या एक्केचाळीस. न्हावी, वय बासष्ट : “सुट्टीच्या दिवशी पण रस्त्यानं जाणाऱ्याची मान आधी दिसते.” बाई हसल्या. परिचारिका, वय तीस : “सुट्टी कसली, घरी दुसरी पाळी सुरू.” अगदी खरं. शिक्षक, वय पन्नास : “मुलांना वाटतं सुट्टी त्यांना असते.” वा! बाई एकेक चिठ्ठी बाजूला काढत होत्या, मजेत होत्या, आणि चौतिसावी चिठ्ठी हातात आली.

अक्षर टपालकाकांचं. काका म्हणजे निवृत्त पोस्टमन, बाईंचे सगळ्यांत खात्रीचे कान. वाक्य असं होतं :

“तोलून सांगतो, सुट्टी म्हणजे चार दिवस आपल्या चुका कुणी काढत नाही, ते.”

बाईंनी वाक्य पुन्हा वाचलं. त्यांनी झटकन चिठ्ठी उलटली. धंदा : वजनमाप निरीक्षक. वय : अठ्ठावन्न. कुठे : तळ्याकाठचं विश्रामगृह. घरी कोण : मुलगी, विधुर.

विधुर! बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या. मेलं, काय काय येतं मनात! जगात काय एकच वजनमाप निरीक्षक आहे? कदाचित त्या खात्यात सगळेच ‘तोलून सांगतो’ म्हणत असतील. बिचारा कुणी विधुर माणूस, आणि आपण लागलो घाम पुसायला. ही गंमत नवऱ्याला सांगायची असं ठरवून त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली.

तेच अक्षर, तोच दिवस, तेच विश्रामगृह. “घरी बोलायच्या आधी मनात एकदा वाचून बघावं लागतं, सुट्टीत मी तोंडाला येईल ते बोलते.” धंदा : कवळ्या बनवणारी. वय : सव्वीस. घरी कोण : वडील. आई वारली.

मग त्यांनी तारीख पाहिली. नवऱ्याच्या गेल्या दौऱ्याचे ते चार दिवस. त्या दौऱ्याहून काटेसाहेब सालटं निघालेलं नाक घेऊन आले होते. उन्हात फार काटे तपासले म्हणाले होते. त्या नाकाला रोज संध्याकाळी साय कुणी लावली होती? बाईंनी.

दुकानात खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. बाई त्या फुसफुस आवाजाकडे कान लावून बराच वेळ बसून राहिल्या.

टपालकाका दर बुधवारी अकराला यायचे, ते आले. कापडी पिशवीतून नव्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, जिना चढल्यामुळे दम खाल्ला.

“काका, या दोन चिठ्ठ्यांची खात्री करायची राहिली आहे,” बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच ठेवला.

काकांनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहरा फुलला. “ही होय! अहो बाई, काय गोड माणसं! बापलेक. सात वर्षं न चुकता येतात, विश्रामगृहाचा मालक सांगत होता. कोपऱ्यातली खोली त्यांचीच. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांचा एक खेळ चालतो. दोघं मुद्दाम चुकीचं बोलतात. जितकं चुकीचं तितके गुण. मग ती मुलगी बापाचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेते आणि मान अशी वाकडी करून म्हणते, ‘पुन्हा म्हण. नीट म्हण.’ आम्ही सगळे पोट धरून हसलो.”

“कुणाची नक्कल ती?”

“आईची. अशी होती म्हणे.” काकांनी चष्मा काढला. “लवकर गेली बिचारी. सात वर्षं झाली असतील, कारण पहिल्या वर्षी आले तेव्हाच दोघं होते.”

“कशानं गेली?”

“ते नाही विचारलं हो. असं कसं विचारायचं? तो माणूसच म्हणाला, आता दोघंच आहोत. मी विचारलं, म्हणजे विधुर का? तर मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं बघा त्याच्या.”

“हसून आलं असेल,” बाई म्हणाल्या.

काकांना ते नीट ऐकू गेलं नाही. ते जाताना म्हणाले, “चांगलं वाक्य आहे ते. नक्की घ्या.” आणि जिना उतरून गेले.

दुपारभर बाईंनी दुसरं काही केलं नाही. अंगाचा तिळपापड व्हायला हवा होता, पण होईना. नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली असती तर निदान शिव्या घालायला कुणी तरी मिळालं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं. इथं काय? नवरा स्वतःच्याच मुलीबरोबर चार दिवस तळ्याकाठी बसून हसतो. यात गुन्हा तो काय? कुणाला सांगायला गेलं तर लोकच हसतील. आणि तरी या दोघांनी केसानं गळा कापला होता. सात वर्षं आपल्याला मारून, जाळून, वर आपली नक्कल करत होते.

संध्याकाळी घरी आल्या तर काटेसाहेब जेवणाच्या टेबलावर तपासणीची पितळी वजनं पुसत होते. ही वजनं बोटांनी उचलायची नसतात, घामानं वजनात फरक पडतो. चिमट्यानं एकेक उचलायचं, मऊ फडक्यानं पुसायचं, मखमलीच्या पेटीत ठेवायचं. इतका काटेकोर माणूस.

“अहो,” बाई पिशवी न उतरवताच म्हणाल्या, “शेवटचं विचारते. रजेचं काही होईल का?”

“तोलून सांगतो,” काटेसाहेब चिमट्याकडे बघत म्हणाले, “माझा जीव तुटतो गं. पण नाही होणार.”

बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या पेटीशेजारी ठेवल्या. त्यांनी वाचल्या. उलटून वाचल्या. चिमट्यातलं वजन टेबलावर पडलं आणि घरंगळत कडेपर्यंत गेलं, तरी त्यांनी उचललं नाही.

“तो म्हातारा,” ते म्हणाले, “तो सारखं काहीतरी लिहीत होता खरा.”

“एवढंच सुचतं तुम्हाला?”

“अगं, पहिल्या वर्षी तुलाच विचारलं होतं. आठवतं? तू म्हणालीस, ‘प’चा खंड आहे. त्याच्या आधी ‘न’चा होता. त्याच्याही आधी ‘द’चा. मग आम्ही दोघंच गेलो. आल्यावर सांगणार होतो, देवाशपथ.”

“मग सांगितलं का नाही?”

काटेसाहेबांनी फडक्याची घडी केली. “कारण मजा आली,” ते म्हणाले. “सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी तू आली असतीस.”

हे मात्र बाईंना लागलं. विधुर वाचून लागलं नव्हतं एवढं लागलं. त्या पिशवीसकट खुर्चीत बसल्या.

“मी चुका काढते, हे एकदा तोंडावर सांगायचं होतं. मी गप्प बसले असते.”

“नसती बसलीस.”

“प्रयत्न केला असता की हो! सात वर्षांत एकदा तरी संधी द्यायची होती. खोट्या वजनाच्या दुकानदाराला सुद्धा तुम्ही आधी नोटीस देता. आणि मला? मला सरळ पोचवून मोकळे?”

“ते विधुर मी म्हणालोच नाही. त्यानं विचारलं, मी नुसती मान...”

“मान हलवली. माहीत आहे मला. कोणत्या बाजूला हलवली ते पण कळलंय.”

तेवढ्यात बाईंनीच फोन उचलून मुलीला लावला. उगाच आडवळणं घेतली नाहीत. “मी वारले यावर तुझ्या बाबांनी मान हलवली, तेव्हा तू तिथंच बसली होतीस ना?”

पलीकडे मशीनचा आवाज येत होता, तो बंद झाला. “हो,” मुलगी म्हणाली.

“मग चूक आहे असं म्हणावंसं नाही वाटलं?”

“आई...” मुलगी रडायला लागली होती. “सुट्टी होती गं. सुट्टीत आम्ही कुणाची चूक काढत नाही.”

मुलीनं नाक ओढलं. मग घाबऱ्या, बारीक आवाजात विचारलं, “आई, आता तू दरवर्षी येणार का?”

माफ कर नाही, चुकलं नाही. येणार का! बाईंनी फोन हळूच ठेवला.

काटेसाहेब उठून त्यांच्यामागे येऊन उभे राहिले. खांद्यावर हात ठेवावा की नाही अशा विचारात. “हे बघ,” ते म्हणाले, “मी घेतो रजा. उद्याच अर्ज टाकतो. समुद्रावर जाऊ, तिघं जाऊ. ती चिठ्ठी तेवढी जाऊ दे. माहिती चूक आहे ना तिच्यावर? मी विधुर आहे का? तू समोर बसली आहेस. नियम तुझाच आहे, चूक म्हण आणि फाडून टाक. माझी मदत कर एवढी.”

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, आणि पहिल्यांदाच त्यांनी ते वाक्य दुरुस्त केलं नाही. काटेसाहेबांच्या ते लक्षात आलं. चेहरा उतरला त्यांचा. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं असणार.

गुरुवारी सकाळी कोशबाई कार्यालयात आल्या त्या पांढरे बूट घालून, हातात बॅग घेऊन. टायरवाला बघतच राहिला. मोठ्या संपादकांना म्हणाल्या, “माझी रजा सोमवारपासून आहे, ती आजपासून करा.”

“अवश्य! घरचे सगळे निघाले वाटतं?”

“नाही. मी एकटी.”

“तोवर ‘सुट्टी’ तशीच राहील का?”

“तेवढी संपवूनच जाते. बसला अवकाश आहे.”

त्या टेबलाशी बसल्या. अर्थ तपासला, व्युत्पत्ती तपासली, एक स्वल्पविराम हलवला. उदाहरणांसाठी न्हाव्याची चिठ्ठी घेतली, शिक्षकाची घेतली. मग चौतिसावी समोर ठेवली. एक्केचाळिसांत तीच सगळ्यांत चांगली होती, त्याला काय करणार? एवढ्या थोडक्यात, एवढ्या नेमक्या शब्दांत सुट्टी म्हणजे काय हे दुसऱ्या कुणाला सांगता आलं नव्हतं. बाईंनाही नाही. नवऱ्याचा त्यांना क्षणभर अभिमानच वाटला, आणि मग आपल्याला अभिमान वाटला याचा राग आला. त्या वाक्यात एकही चूक नव्हती.

त्यांनी चिठ्ठी उलटली. वजनमाप निरीक्षक. अठ्ठावन्न. मुलगी, विधुर. तळाच्या दोन ओळी कोऱ्या होत्या. बाईंनी डोळे पुसले, पेनाचं टोपण काढलं, आणि ‘माहिती’समोर ‘चूक’ या शब्दावर आडवी रेघ मारून ‘बरोबर’ तेवढं ठेवलं. मग खालच्या ओळीत, ‘खात्री कोणाकडून केली’ याच्यापुढे, नेहमीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं : बायकोकडून. खाली सही केली, चिठ्ठी छापायच्या गठ्ठ्यात ठेवली आणि बॅग उचलून जिना उतरल्या.